अकरा महिन्यांच्या करारावर सहा लाखांचा ओटा बांधू नका

प्रश्न: कोथरूडला डहाणूकर कॉलनीच्या बाजूला मी घरून पोळीभाजीचे डबे देते. रोज साधारण ९० डबे, हाताखाली तीन बायका, सणाला पुरणपोळ्या-मोदक आणि दिवाळीत फराळ. वर्षाची उलाढाल १८ लाखांच्या आसपास, जीएसटी नोंदणी नाही. आता घर पुरत नाही आणि शेजारीही बोलू लागलेत, म्हणून दोन गाळे पाहिले. पहिला एका सोसायटीच्या तळमजल्यावर, २८० फूट, भाडं २८,०००, डिपॉझिट दीड लाख. दुसरा आतल्या गल्लीत, तोही २८० फूट, म्हणजे १८० चा गाळा आणि पुढे १०० फूट पत्र्याची शेड. भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,०००. तिथे वीज मालकांच्या घरच्या मीटरवरून, सबमीटर लावून देणार. दोन्ही मालक ११ महिन्यांचा नोटरी करार करू म्हणतात, "दरवर्षी वाढवून घेऊ, काळजी नको." ओटा, टाइल, धुराची सोय, वायरिंग मिळून सहा लाखांचा अंदाज काढलाय, त्यातले चार लाख कर्ज. पहिले मालक रविवारपर्यंत २५,००० टोकन मागतायत. गणपती उठले की काम सुरू करून दसऱ्याला उद्घाटन करावं असं मनात आहे. कुठला घेऊ, आणि करारात काय पाहू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर:

ताई, नमस्कार.

रविवारी टोकन देऊ नका, निदान आत्ता ज्या बोलीवर मागतायत त्या बोलीवर तर नकोच. दुसरा गाळा यादीतून काढून टाका. पहिला घेण्याजोगा ठरू शकतो, पण करार किती वर्षांचा, धूर कुठून जाणार आणि सोसायटी लेखी काय देणार, एवढं कळल्याशिवाय त्यावर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब. सहा लाखांचं काम भिंतीला, फरशीला आणि छताला चिकटणार. जाताना फ्रीजर, टेबलं, भांडी नेता येतात. टाइल आणि धुराची नळी नाही. करार ११ महिन्यांचा असेल तर हे सहा लाख ११ महिन्यांत वसूल व्हायला हवेत, म्हणजे महिना साधारण ५४,५०० रुपये. भाड्याच्या जवळजवळ दुप्पट! तोच करार ६० महिन्यांचा असेल तर महिना १०,००० पडतात. मालकांनी भाडं दोन हजारांनी कमी केलं तरी या फरकापुढे ते काहीच नाही. म्हणून घासाघीस करायची तर मुदतीवर करा. बँकेचा हप्ता तर गाळा गेला तरी चालूच राहतो.

आता हे ११ महिन्यांचं काय आहे ते. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून देशभर ११ महिन्यांचे करार करून नोंदणी टाळायची सवय पडली. महाराष्ट्रात ही पळवाट उरलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा) कुठलाही करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, मग तो पाच महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीच नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत जागा घेणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. नोटरीच्या शिक्क्याने यातलं काहीच भरून निघत नाही. मालकांना हे जरूर सांगा, पण कायदा दाखवून दम दिल्यासारखं नको. नोंदणी न करण्यात तुमच्याइतकाच धोका त्यांनाही आहे, अशा सुरात सांगा.

मालक लांब मुदतीला का बिचकतात हेही समजून घ्या, म्हणजे बोलणं सोपं होईल. राहत्या घराच्या लायसन्सची मुदत संपली की मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन तुलनेने लवकर ताबा मागता येतो. दुकानाला ती सोय नाही, तिथे कोर्टाची पायरी चढावी लागते. त्यांची भीती अगदीच खोटी नसते. त्यावर उपाय म्हणून मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर रोजच्या भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई, असं कलम तुम्हीच होऊन सुचवा. वेळेवर सोडायचाच इरादा असेल तर त्याने तुमचं काही जात नाही, आणि समोरचा माणूस निम्मा निवळतो.

तर मागायचं काय? ६० महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार. साठच का, तर तिथपर्यंत मुद्रांक शुल्क फक्त ०.२५ टक्के लागतं. त्यापुढे तो करार भाडेपट्ट्यासारखा धरला जातो आणि शुल्क कित्येक पट होतं. तुमच्या बाबतीत खर्च किती ते पाहू. २८,००० भाडं, दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर पाच वर्षांचं भाडं १८,५६,६०० च्या घरात जातं. दीड लाख डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने व्याज मोजतात, त्याचे पाच वर्षांचे ७५,०००. बेरीज सुमारे १९,३१,६००, आणि तिचा पाव टक्का म्हणजे ४,८३० रुपयांच्या आसपास. वर महापालिका हद्दीतली नोंदणी फी १,००० आणि एजंट घरी येऊन अंगठे घेणार असेल तर त्याची मजुरी. मालक "नोंदणीचा फार खर्च येतो हो" म्हणाले, तर हा खर्च तुम्ही उचला. दर ११ महिन्यांनी नवा कागद करण्यापेक्षा तो स्वस्तच आहे.

भाडेवाढीचा टक्का आजच ठरवून करारात लिहून घ्या. ५ टक्क्यांनी पाचव्या वर्षी भाडं सुमारे ३४,००० होतं, १० टक्क्यांनी ४१,०००. महिन्याला सात हजारांचा फरक, म्हणजे एका बाईचा बऱ्यापैकी पगार त्यात निघतो. "बाजारभावाप्रमाणे वाढ" असले शब्द कुठेही राहू देऊ नका.

लॉक-इन या शब्दाकडे नीट पाहा. छापील मसुद्यात लॉक-इन बहुतेक वेळा फक्त घेणाऱ्यावर असतं: अमुक महिने तुम्ही सोडून जायचं नाही, आणि मालकाला मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर करार मोडायची मुभा. ६० महिन्यांचा करार आणि आत हे वाक्य, तर तो प्रत्यक्षात एका महिन्याचाच करार झाला. सहा लाख तुम्ही घालताय, म्हणून बंधन मुख्यतः मालकावर हवं. शब्द साधारण असे घालता येतील (लिहून देणार म्हणजे मालक, लिहून घेणार म्हणजे तुम्ही):

"करार सुरू झाल्यापासून ३६ महिन्यांपर्यंत लिहून देणार यांना हा करार रद्द करता येणार नाही, मात्र सलग दोन महिन्यांचे शुल्क थकल्यास आणि लेखी सूचना मिळूनही १५ दिवसांत न भरल्यास हे बंधन राहणार नाही. लिहून घेणार यांना पहिल्या ६ महिन्यांनंतर केव्हाही ६० दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवता येईल."

साठ महिन्यांचं बंधन मालकाने मान्य केलं तर उत्तमच, पण ३६ वर तडजोड झाली तर बिघडत नाही. मागायला साठपासून सुरुवात करा.

याच्याच शेजारी आणखी एक खाच आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. लायसन्स म्हणजे जागा वापरायची परवानगी; जागेत हक्क त्याने मिळत नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे मालकाने जागा विकली तर नवा मालक त्या परवानगीला आपोआप बांधील राहत नाही. म्हणजे तुमचा करार नोंदणीकृत, मुदत बाकी, भाडं वेळेवर, आणि तरीही गाळा विकला गेला की नवा मालक "मी कुठे सही केली?" असं विचारू शकतो. भाडेपट्ट्यात ही अडचण येत नाही, पण त्याचं मुद्रांक शुल्क जास्त आणि कुळाच्या भीतीने मालक सहसा तयार होत नाहीत. मग करारातच असं लिहून घ्या की विकल्यास खरेदीदाराकडून या करारातल्या अटी लेखी मान्य करून घेणं लिहून देणाऱ्याची जबाबदारी. तसं न झाल्यास पूर्ण डिपॉझिट आणि परिशिष्टात लिहिलेल्या पक्क्या कामाच्या खर्चापैकी उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम ते देतील. तुमचे महिना १०,००० धरले तर विसाव्या महिन्यात उठावं लागल्यास ४० महिन्यांचे चार लाख. परिशिष्टात प्रत्येक काम आणि त्याचं बिल हवं, नाहीतर पुढे "कसले सहा लाख?" यावरूनच भांडण सुरू होतं. हे कलम मालक पूर्ण मान्य करतील असं नाही. निम्म्या रकमेवर आले तरी घ्या.

आता दुसरा गाळा का नको ते. १८० चा गाळा आणि १०० ची शेड म्हणजे २८० फूट नव्हेत. इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, तीवर पत्रा टाकलेला. महापालिकेची कारवाई आली की पत्रा, त्याखालचं टेबल आणि फ्रीजर सगळं जाणार, आणि "शेड पडली म्हणून भाडं कमी करा" म्हणायला करारात शेडचा उल्लेखच नसणार. १८० फुटांवर २०,००० म्हणजे फुटाला १११ रुपये. स्वस्त वाटणारी जागा अशी महाग निघते. विजेचं त्याहून वाईट. घरगुती मीटरवरून धंदा चालवणं हा विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर. आकारणी त्या वर्गाच्या दराच्या दुप्पट, आणि वापर कधीपासून होता ते ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. बिल मालकांच्या नावावर येईल हे खरं, पण सबमीटरवरची युनिटं दाखवून ते कुणाकडे वळवतील, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या गाळ्याचे २८० फूट कुठले हेही विचारा. भिंतीसकट, की जिन्याचा वाटा धरून? टेप घेऊन आतून आत मोजा. पोटमाळा असेल तर तो वेगळा लिहा. समजा कार्पेट, म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्र, २२५ निघालं, तर दर फुटाला १२४ पडतो. करारात कार्पेटचाच आकडा घाला.

कागदांपैकी सूची क्रमांक दोन (मालकाच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), चालू वर्षाची मिळकतकराची पावती, वीजबिल आणि भोगवटा प्रमाणपत्रासह मंजूर नकाशा मागा. सूची दोनवर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर सह्या दोघांच्या. नकाशा मात्र स्वतः उघडून पाहा: तुमच्या गाळ्याच्या चौकोनात "दुकान" लिहिलंय की "पार्किंग"? पार्किंगला भिंती घालून केलेले गाळे पुण्यात कमी नाहीत, आणि शटर, मीटर, कराची पावती सगळं असूनही नकाशावर ते दुकान नसतात. गाळ्यावर कर्ज आहे का हेही सरळ विचारा. असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र हवं. मालकाचे हप्ते थकले आणि बँकेने जागा ताब्यात घेतली, तर तिच्या संमतीशिवाय केलेला तुमचा करार बँक मानेलच असं नाही. वीजबिलावरचा थकबाकीचा रकाना पाहायला विसरू नका, जुनी बाकी ज्याच्या हातात गाळा त्याच्या गळ्यात पडते.

सोसायटीचं पत्र. "गाळा भाड्याने देण्यास हरकत नाही" एवढ्यावर समाधान मानू नका. त्या पत्रात स्टेशनरीचं दुकान बसतं, तुमचं स्वयंपाकघर बसत नाही. पत्रात शिजवलेलं अन्न तयार करून विकण्यास, आणि धुराची नळी अमुक भिंतीवरून गच्चीच्या वरपर्यंत नेण्यास हरकत नाही, असं स्पष्ट हवं. भिंत आणि गच्ची सगळ्यांची, त्यामुळे अध्यक्षांच्या तोंडी होकाराला काही किंमत नाही. ठरावाची प्रत घ्या. आज हो म्हणणारे पदाधिकारी पुढच्या निवडणुकीत बदलतात, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या खोलीत फोडणीचा वास जायला लागला की जुना होकार कुणाला आठवत नाही. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सदस्य स्वतः वापरत नाही म्हणून सोसायटी घेते ते, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. ते आणि मिळकतकर मालकांनी भरायचा, असं करारात येऊ द्या.

धुराबद्दल थोडं सविस्तर, कारण पोळीभाजीचे गाळे बंद पडतात ते बहुधा इथे. तुमच्याकडे दोन शेगड्या आणि पोळ्यांचा मोठा तवा धरला, तर ओटा साधारण सहा फूट. वरचं धूर गोळा करणारं हूड ओट्याच्या उघड्या बाजूंना सहा-सहा इंच बाहेर यायला हवं, नाहीतर कडेच्या शेगडीचा धूर बाजूने निसटतो. पंखा हूडपाशी लावू नका, नळीच्या वरच्या टोकाला लावा. खाली लावला तर तो धूर नळीत ढकलतो आणि प्रत्येक सांध्यातून तेलकट वास वरच्या घरांच्या खिडक्यांत शिरतो. वर लावला तर सगळी नळी ओढीखाली राहते, सांधा सैल असला तरी हवा बाहेरून आत येते. कोपरे जितके कमी तितकं बरं, आणि प्रत्येक कोपऱ्यावर साफ करायला झडप हवी. आत साचलेलं तेल पेटतं. तितकीच हवा आत यायलाही वाट हवी. पुढचं शटर अर्धं, मागचं दार बंद, अशात कितीही मोठा पंखा लावा, धूर खोलीतच घुमतो. इमारत पाच मजली असेल तर नळी ५० फुटांच्या पुढे जाते. तुमच्या सहा लाखांच्या अंदाजात ही लांबी धरली आहे का, ते कारागिराला विचारा. बऱ्याच अंदाजात फक्त हूड आणि दहा फूट नळी असते. सोसायटीने नळीला नकार दिला, तर हा गाळा तुमच्यासाठी फक्त विक्रीचं काउंटर आहे, स्वयंपाकघर दुसरीकडे. त्यासाठी २८,००० जास्तच.

सांडपाणी पाहायला जाताना दोन बादल्या घेऊन जा. एकाच वेळी दोन्ही बादल्या मोरीत ओता आणि पाहत उभ्या राहा. पाणी गोल फिरून झपकन गेलं तर ठीक. तुंबून हळूहळू उतरलं किंवा जाळीतून बुडबुडे आले तर पुढची नळी अर्धी बुजलेली आहे. कणकेचं पाणी आणि तेल एकत्र आलं की नळीत सिमेंटसारखं बसतं. म्हणून सिंकखाली तेल अडवणारी पेटी बसवा आणि ती दिवसाआड साफ करण्याचं काम एका बाईला नेमून द्या. पेटी बसवून विसरणं हे न बसवण्यासारखंच. उताराचाही हिशेब करा: ४० इंचाला एक इंच. सिंकपासून मोरी दहा फुटांवर असेल तर तीन इंचांची उंची लागते, म्हणजे फरशी उचलावी लागेल आणि दाराशी पायरी येईल. सिंकची जागा मोरीजवळ ठरवलीत की हा खर्च वाचतो.

पाणी किती लागतं ते आठवडाभर घरीच मोजा: रोज किती पिंपं भरता आणि किती रिकामी होतात. गाळ्याला पाणी कुठून येतं, सोसायटीच्या टाकीतून की स्वतंत्र नळ, आणि दिवसातून कितीदा. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायची आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. एक अख्खा दिवस निघेल एवढी टाकी आत बसते का, तेही पाहा.

विजेचा भार असा काढा: कणीक मळायचं एक एचपीचं यंत्र ०.७५ किलोवॅट, धुराचा पंखा तेवढाच, मोठा मिक्सर तेवढाच, फ्रीजर आणि फ्रिज मिळून अर्ध्याच्या थोडा वर, गिझर दोन किलोवॅटचा, दिवे-पंखे ०.३. बेरीज पाचच्या पुढे जाते. बिलावर मंजूर भार एक-दोन किलोवॅट असेल तर महावितरणकडे वाढ मागावी लागेल आणि त्या अर्जावर मालकांची संमती लागते. ती सही करारासोबतच घेऊन ठेवा. वीज व्यापारी दराची आहे ना, तेही बिलावर दिसेल.

गॅसचं थोडक्यात. व्यापारी सिलिंडर १९ किलोचा. परवान्याशिवाय १०० किलोपर्यंत साठा ठेवता येतो, म्हणजे भरलेले पाचच, आणि तेही उभे, हवेशीर जागी. इमारतीपर्यंत पाइपचा गॅस आला असेल तर तोच घ्या. त्यालाही मालकांचं ना-हरकत पत्र लागतं.

जीएसटीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येतोय. मालक नोंदणीकृत असतील तर २८,००० वर १८ टक्के, म्हणजे ५,०४० आणखी. हातातून जाणार ३३,०४०. तेव्हा "२८,००० सगळं धरून की अधिक जीएसटी?" हे आजच विचारा. मालकांची नोंदणी नसेल तर सध्या तुम्हाला काही लागत नाही. पण तुमची उलाढाल १८ लाखांवर आहे आणि मर्यादा २० लाख. गाळा घेतल्यावर ती पहिल्याच वर्षात ओलांडाल. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाकडून व्यापारी जागा घेणाऱ्या नोंदणीकृत धंद्याला भाड्यावरचा १८ टक्के कर स्वतः भरावा लागतो. नेहमीच्या पद्धतीने ५ टक्के कर लावून जेवण विकलंत तर त्याची वजावटही मिळत नाही, ते ५,०४० सरळ खिशातून. कंपोझिशन योजनेतल्यांना (छोटे धंदे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरतात ती) मात्र १६ जानेवारी २०२५ पासून यातून सूट आहे. तुमच्या आकाराच्या धंद्याला कंपोझिशनच बरं दिसतं, पण त्यात गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. डब्याचा भाव तसा ठरवा. टीडीएसची, म्हणजे भाड्यातून आयकर कापून भरायची, चिंता नको, भाडं महिना ५०,००० च्या आत आहे.

भाडं झेपेल का? अन्नाच्या धंद्यात भाडं विक्रीच्या १२ टक्क्यांच्या वर गेलं की ओढाताण सुरू होते. २८,००० साठी महिना सव्वादोन-अडीच लाखांची विक्री हवी. आज तुमची सरासरी दीड लाख. म्हणजे डबे ९० वरून १३५-१५० वर, किंवा संध्याकाळी काउंटरवर सुट्ट्या पोळ्या आणि भाजी. त्यासाठी गाळ्यासमोर संध्याकाळी सहा ते नऊ एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा रविवारी उभ्या राहा. पोळ्या घेणारा माणूस दुचाकीवर असतो आणि घराकडे जाणाऱ्या बाजूलाच थांबतो, रस्ता ओलांडून येत नाही. समोर पी-१, पी-२ ची पाटी असेल तर एक दिवसाआड तिथे गाडी लावता येत नाही. सम आणि विषम, दोन्ही तारखांना जाऊन पाहा.

फूड लायसन पत्त्याला चिकटलेलं असतं, घरचं गाळ्यावर चालत नाही. नवीन पत्त्यासाठी अर्जाला हाच नोंदणीकृत करार लागेल. दुकानाची पाटी करताना मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत. डिपॉझिट चावी देण्याच्या दिवशीच परत, आणि वापराने होणारी साधी झीज कापायची नाही, हे दोन्ही लिहून घ्या. कामाच्या काळातलं भाडं माफ मागा. किमान ३० दिवस, ४५ मिळाले तर छान. दलालाला निम्मी दलाली टोकनला, निम्मी नोंदणी झाल्यावर.

आता रविवारचं. मालक फारच मागे लागले तर २५,००० ऐवजी ५,००० द्या, खात्यातून, आणि पावतीवर हे लिहून घ्या: "करार ६० महिन्यांचा नोंदणीकृत होणे, मंजूर नकाशात गाळा दुकान म्हणून असणे आणि सोसायटीचे स्वयंपाक व धुराच्या नळीसाठी लेखी ना-हरकत मिळणे या अटींवर. १५ दिवसांत यापैकी काही न झाल्यास पूर्ण रक्कम परत." या पावतीवर सही करायला ते का-कू करू लागले, तर पाच हजारही देऊ नका. घाईही तुम्हाला नाही. अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्ष लागतो, त्या पंधरा दिवसांत गाळा घ्यायला सहसा कुणी फिरकत नाही आणि मालक तेव्हा जरा जास्त ऐकतात.

दसऱ्याचं मात्र मनातून काढा. गणपती उठल्यापासून दसरा जेमतेम पंचवीस दिवसांवर. कागद आणि सोसायटीच्या ठरावाला पंधरा दिवस, काम ३० ते ४० दिवसांचं. ओढूनताणून केलंत तरी नवीन नळी, नवीन मोरी, नव्या मीटरची पहिली दुखणी नेमकी फराळाच्या ऑर्डरींत निघणार, आणि तुमचं वर्षाचं मोठं काम तेच. दिवाळी घरच्या ओट्यावरच काढा. तोवर करार, ना-हरकत पत्र आणि वाढीव भाराचा अर्ज मार्गी लावा, बिनभाड्याचे दिवस मात्र भाऊबिजेनंतर सुरू होतील असं करारात लिहा, आणि फोडाफोड त्यानंतर. ताबा घ्याल त्या दिवशी मीटरचं रीडिंग, प्रत्येक भिंत आणि मोरीचा फोटो काढून मालकांना लगेच व्हॉट्सअॅपवर पाठवा.